आईंचे वजन घटत आहे : टॉनिकच्या आधी काय पाहावे

तुमच्या पत्रातील माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे सांगणे कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. आई 79 वर्षांच्या आहेत. गेल्या आठ महिन्यांत त्यांचे वजन 54 किलोंवरून 48 किलोंवर आले आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांच्या गोळ्या बारा-पंधरा वर्षे चालू आहेत, गुडघे दुखतात, खालच्या आणि वरच्या दोन्ही कवळ्या आहेत. वडील दोन वर्षांपूर्वी गेले आणि घरातले सगळे कामाला बाहेर असल्यामुळे दुपारी त्या एकट्याच जेवतात. चार घास खाल्ले की पोट भरले म्हणतात आणि मग दिवसभर चहात बुडवलेल्या बिस्किटांवर राहतात. साखर, मीठ, दूध आणि स्निग्ध पदार्थ यांवर घरात बंधन आहे. ‘वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच’ असे तुम्हाला सांगण्यात आले आहे, आणि आता तुम्ही विचारता की कोणते टॉनिक किंवा कोणती प्रोटीन पावडर सुरू करावी.

वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना तपासण्याचे काम मी सत्तावीस वर्षे करत आहे. बऱ्या होण्याजोग्या जितक्या तक्रारी ‘वयोमानाप्रमाणे’ या एका शब्दाखाली झाकल्या गेलेल्या मी पाहिल्या, तितक्या दुसऱ्या कशाखाली पाहिल्या नाहीत. उतारवयात भूक थोडी मंदावते हे खरे आहे. पोट रिकामे होण्याचा वेग कमी होतो, पोट भरल्याची सूचना देणारी संप्रेरके अधिक प्रभावी ठरतात, वास ओळखण्याची शक्ती घटते आणि वास गेला की चवही जाते. परंतु या कारणांनी वजन उतरले तर ते वर्षानुवर्षे, अगदी सावकाश उतरते. आठ महिन्यांत सहा किलो, म्हणजे मूळ वजनाच्या 11 टक्के, हे वयाचे काम नव्हे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत 5 टक्के वजन घटले तरी आम्ही कारण शोधायला लागतो. आईंच्या बाबतीत ती मर्यादा पावणेतीन किलो घटले तेव्हाच ओलांडली गेली होती. त्यामुळे टॉनिकच्या नावाआधी कारणाचा शोध घ्यायचा आहे, आणि त्या शोधाचा मोठा भाग तुम्हाला घरीच करता येण्याजोगा आहे.

हे सहा किलो कशाचे गेले, ते आधी समजून घ्या. तरुण माणूस कमी जेवला तर जाते ती मुख्यतः चरबी. वृद्ध माणूस कमी जेवतो आणि त्याच्या जोडीला हालचालही कमी करतो तेव्हा त्यात स्नायूंचा वाटा बराच असतो, आणि पुढे वजन भरून आले तरी व्यायामावाचून ते बहुतांशी चरबीच्या रूपाने येते. खुर्चीतून उठणे, अडखळल्यावर तोल सावरणे, कफ खोकून बाहेर काढणे, घास गिळणे ही सगळी स्नायूंची कामे आहेत, आणि आजारपणात शरीर प्रथिनांची उचल करते तीही याच साठ्यातून. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी व्यक्तींना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांवरचे जवळजवळ एक किलो मांस झडले. अशक्त दिसणाऱ्या वृद्धाला ‘तुम्ही उठू नका, आम्ही आहोत ना’ असे प्रेमाने सांगणाऱ्या घरांना मी हा आकडा नेहमी सांगते.

पोटरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर शिवणाच्या टेपने मोजा. तो 31 सेंटिमीटरांपेक्षा कमी भरला तर स्नायू बरेच गेले आहेत असे धरतात. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवे असते. नंतर छातीशी हात घडी करून खुर्चीतून पाच वेळा उठायला आणि बसायला सांगा. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर पायांतली ताकद धोक्याच्या पातळीला उतरली आहे. या वेळी शेजारी उभे राहा आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मी स्वतः पहिल्या भेटीत आधी हातांकडे पाहते. एका आजींच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता, तीन थरांत. सर्वांत आतला मळून काळा पडलेला, मधला करडा आणि वरचा अजून पांढरा. त्या घरात वजनाची नोंद कोणी ठेवली नव्हती, पण वर्षभरात तीन वेळा अंगठी सैल झाल्याचे त्या दोऱ्यावरून कळले.

आता सर्वांत महत्त्वाचे काम सांगते. येत्या सुट्टीच्या दिवशी आईंसोबत जेवायला बसा आणि काहीही न सुचवता फक्त पाहा. घास तोंडात किती वेळ घोळतो, कोणत्या बाजूने चावला जातो, कोणता पदार्थ ताटाच्या कडेला सारला जातो, कडक काही आले तर ते भिजवून घेतले जाते का, गिळताना त्रास होतो का, ठसका लागतो का, गिळल्यानंतर आवाज ओलसर आणि घोगरा येतो का, हात थरथरतो का, अर्ध्या जेवणातच दम लागतो का. वीस मिनिटांच्या या बैठकीतून जे कळते ते पुष्कळदा रक्ताच्या चाचण्यांतून कळत नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य वाचून मी थांबले, ते म्हणजे बिस्किटे चहात बुडवून खाण्याचे. बुडवलेले बिस्किट चावावे लागत नाही. दिवसभर तेवढेच खाणाऱ्या माणसाची भूक गेली असे घरच्यांना वाटते. मला मात्र आधी कवळी काढून तोंडात बॅटरीचा उजेड टाकावासा वाटतो. एका निवृत्त शिक्षकांना पाहायला त्यांच्या मुलाने मला बोलावले होते ते ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणून. त्यांच्या उशीखाली रुमालात गुंडाळलेले, चघळून टाकलेले घास सापडले होते आणि घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येत होती. खालची कवळी काढली तेव्हा डाव्या हिरडीच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा व्रण दिसला, तळ पांढरट आणि भोवतीची कड लालभडक. दुखते म्हणून सांगितले असते तर नवी कवळी करण्याचा खर्च निघाला असता, एवढ्यासाठी ते गप्प राहिले होते. दंतवैद्यांनी कवळीची कड घासून दिली, काही दिवस मऊ अन्न दिले, व्रण भरला आणि जेवण पूर्ववत झाले. त्यांची बुद्धी अगदी शाबूत होती.

यामागचे चक्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षागणिक झिजत जाते आणि वजन उतरले की गाल व ओठ यांचा आधारही कमी होतो. कवळी सैल होते, सैल कवळी हिरडीवर घासते, जखम होते, माणूस चावणे टाळतो आणि वजन आणखी उतरते. म्हणून सहा किलो वजन घटलेल्या व्यक्तीची कवळी दंतवैद्यांनी पुन्हा पाहिलीच पाहिजे, मग ती दोन वर्षांपूर्वीच केलेली का असेना. रात्री कवळी काढून, घासून, पाण्यात ठेवावी. कवळीखालची हिरडी लाल होऊन आग होत असेल किंवा तोंडाचे कोपरे फाटत असतील तर बुरशीचा संसर्ग झालेला असू शकतो आणि तो औषधाने बरा होतो. तोंडातला कोणताही व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही तर तो डॉक्टरांना दाखवण्यात उशीर करू नये, कारण तो कर्करोगाचा असू शकतो.

जेवताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज ओलसर होत असेल किंवा वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असेल तर गिळण्याच्या क्रियेतच दोष असू शकतो. अशा वेळी गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडे जावे; पाणी घट्ट करण्याची पावडर आपल्या मनाने सुरू करू नये, कारण घट्ट केलेले पाणी पुष्कळांना आवडत नाही आणि मग पिणेच कमी होते. ताठ बसून, लहान घास घेऊन, टीव्ही बंद ठेवून जेवणे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होणे हे मात्र आजपासून करता येईल.

यानंतर पथ्याचा विषय येतो, आणि येथे मी तुमच्या घरातल्या नियमांविरुद्ध स्पष्ट बोलणार आहे. आईंचे पथ्य पासष्टीच्या आसपास ठरले असावे. तेव्हा वजन जास्त होते, साखर नुकतीच वाढू लागली होती आणि पुढच्या वीस वर्षांत डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांची हानी होऊ नये हा हेतू होता. तो सल्ला त्या वेळी योग्यच होता. आज 48 किलोंवर आलेल्या, खंगत चाललेल्या 79 वर्षांच्या व्यक्तीला तेच पथ्य लावणे म्हणजे दूरच्या धोक्यासाठी जवळचा धोका पत्करणे आहे. मधुमेहतज्ज्ञही अशक्त, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी एचबीए1सीचे (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचे) उद्दिष्ट सैल ठेवतात, साधारण 8 टक्क्यांच्या आत; तरुणांसाठीची 7 टक्क्यांची मर्यादा त्यांना लावत नाहीत. याचा अर्थ साखरेचा डबा मोकळा करावा असा नाही. अर्थ एवढाच की जेवणात दोन चमचे गोड पदार्थ आल्याने एकूण जेवण वाढत असेल तर ते येऊ द्यावे आणि साखरेचा हिशेब गरज पडल्यास औषधाने सांभाळावा. मिठाचेही तसेच. चव आधीच मंदावलेल्या माणसाच्या ताटातले मीठ काढून घेतले की अन्न त्याच्या लेखी भिजवलेल्या कागदासारखे होते. हृदय कमकुवत असेल, पायांना सूज असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाची मर्यादा डॉक्टरांनीच ठरवावी. एरवी साध्या रक्तदाबासाठी अळणी जेवणाचा हट्ट या वयात आणि या वजनाला मी धरत नाही. दूध आणि स्निग्ध पदार्थ बंद करण्याचे तर तुमच्या पत्रात कोणतेही कारण दिसत नाही. दुधाने पोट फुगत असेल तर दही चालते. वृद्धांच्या पोषणाची पाहणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी जी लहानशी प्रश्नावली आहे, तिच्यात बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, 23 किंवा त्याहून अधिक असेल तरच पूर्ण गुण मिळतात, यावरून या वयात थोडे अधिक वजन किती मोलाचे मानतात ते दिसेल.

पथ्याइतकाच दुर्लक्षित विषय म्हणजे गोळ्यांचे डोस. आईंच्या गोळ्या त्यांचे वजन जास्त असताना आणि जेवण चांगले असताना ठरल्या. शरीर लहान झाले, जेवण निम्मे झाले, गोळ्या मात्र तितक्याच राहिल्या. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि माणूस चार घास खाऊन उठत असेल तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. तरुण माणसाला अशा वेळी घाम फुटतो, छातीत धडधडते. वृद्ध माणूस कित्येकदा नुसताच सुस्त होतो, असंबद्ध बोलतो किंवा पडतो, आणि त्यालाही वयाचेच नाव दिले जाते. रक्तदाबाचेही असेच होते. आईंना पाच मिनिटे आडवे राहू द्या, रक्तदाब मोजा, उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उभे राहताना मेंदूला रक्त कमी पडते आहे असे समजा आणि ही नोंद डॉक्टरांना दाखवा.

काही औषधे भूकच मारतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब आणि तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते, शिवाय वर्षानुवर्षे घेतल्यास बी12 जीवनसत्त्व कमी होते. हृदयासाठी दिले जाणारे डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशासाठी दिले जाणारे डोनेपेझिल आणि नैराश्यावरची काही औषधे भूक कमी करतात. लघवीच्या घाईवरच्या, सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते आणि कोरड्या तोंडाने घास फिरत नाही. लोहाच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामके शौचाला घट्ट करतात. चार दिवस पोट साफ न झालेल्या माणसाला भूक लागत नाही हे उघड आहे. गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेतली जात असेल तर पोटात व्रण होऊन जेवण नकोसे होऊ शकते, आणि ती गोळी मूत्रपिंडालाही अपायकारक ठरते. आणखी एक बारकावा सांगते, कारण तो अहवालात दिसत नाही. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. स्नायू झडलेल्या व्यक्तीत मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असूनही क्रिएटिनिनचा आकडा ‘नॉर्मल’ येऊ शकतो, आणि त्या आकड्यावर विसंबून दिलेला डोस जास्त होतो. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, चूर्णे आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्या बाटल्याही एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या आणि यातले काय कमी करता येईल असा थेट प्रश्न विचारा. कोणतीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका.

वडील गेल्यापासून आई एकट्या जेवतात, हे तुम्ही ओघात लिहिले आहे. मला ते ओघातले वाटत नाही. पन्नास वर्षे दोन ताटे वाढणाऱ्या व्यक्तीने एकच ताट वाढून घ्यायचे, यात भूक कशी लागणार? जोडीदार गेल्यावर वजन उतरणे ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. मात्र दोन वर्षांनंतरही झोप पहाटे तीनला मोडत असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, ‘आता माझे काय राहिले आहे’ अशी भाषा वारंवार येत असेल तर ते नैराश्य असू शकते. वृद्धांच्या नैराश्यात रडणे कमी आणि अन्न नको होणे, अंग दुखणे, गप्प राहणे जास्त दिसते. त्यावर उपचार आहेत, आणि भूक व झोप दोन्ही सुधारतील असे औषध मनोविकारतज्ज्ञ निवडू शकतात. जगण्याचा कंटाळा आल्याचे किंवा जीव देण्याचे बोलणे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. दुपारच्या जेवणाला सोबत मिळणे हाही उपचारच आहे. शेजारच्या कोणी, एखाद्या मैत्रिणीने, मदतीला येणाऱ्या बाईंनी समोर बसून जेवावे. आठवड्यातून तीन दिवस झाले तरी फरक पडतो. मदतनीस उभी राहून ‘खा, खा’ म्हणते तेव्हा तो फरक पडत नाही.

विसराळूपणाकडेही एकदा पाहा. जेवल्याचे आठवते का, गॅस चालू राहतो का, फ्रिजमध्ये एकाच पदार्थाची तीन-तीन भांडी सापडतात का? स्मृतिभ्रंशात वजन घटणे हे कधीकधी विसरण्याच्या आधीपासून सुरू झालेले असते.

आता ताटाकडे येते. निरोगी वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात, आजारी किंवा कुपोषित असल्यास 1.2 ते 1.5 ग्रॅम. आईंच्या वजनाला हा आकडा 58 ते 72 ग्रॅम येतो. ऊर्जा दर किलोमागे सुमारे 30 कॅलरी धरली तर दिवसाला 1,440 कॅलरी हव्यात. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर प्रथिनांचे प्रमाण वेगळे ठरते. म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. हिशेबासाठी असे धरा की 250 मिलिलिटर दुधात सुमारे 8 ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात 6, घट्ट शिजवलेल्या 100 ग्रॅम डाळीत 8 ते 9, आणि शिजवलेल्या 100 ग्रॅम मासळीत किंवा कोंबडीत 20 च्या पुढे. चार बिस्किटांत जेमतेम दोन. तुम्ही लिहिलेल्या दिवसभराच्या खाण्याचा मी असाच हिशेब केला, तो पंचवीस ग्रॅमच्या पुढे जात नाही.

तुटवडा एवढा मोठा असला तरी मोठे ताट समोर ठेवू नका. भरलेले ताट पाहूनच अशा माणसाचे मन मागे सरते. दिवसात पाच-सहा वेळा लहान वाट्यांतून द्या आणि प्रत्येक वाटीतले अन्न दाट करा. एक पेला दुधात दोन मोठे चमचे दुधाची पावडर कालवली तर पेला वाढत नाही, प्रथिने मात्र सुमारे 5 ग्रॅमने वाढतात. सूप पाण्याऐवजी दुधात करा, डाळ पातळ न ठेवता घट्ट ठेवा, शिजवलेल्या भाजीवर चमचाभर तेल किंवा लोणी घाला. चहाच्या चमचाभर तेलात सुमारे 45 कॅलरी असतात आणि त्यासाठी एकही घास जास्त चावावा लागत नाही. अंडे नुसते नको असेल तर ते खिरीत किंवा सूपमध्ये फेटून पूर्ण शिजवून घाला. दिवसातली सर्वांत चांगली भूक पुष्कळ वृद्धांना सकाळी असते आणि नेमके तेव्हाच त्यांना चहा-बिस्किटे दिली जातात. सगळ्यांत पौष्टिक जेवण सकाळी नऊला द्यावे. रात्री त्यांनी थोडेसे खाल्ले तरी मग चालते. चहा बंद करू नका. तो जेवणाच्या तासभर आधी नको, आणि दुधाचे प्रमाण वाढवता येईल तितके वाढवा.

तुम्ही विचारलेल्या पावडरीचे उत्तर येथे बसते. अन्न दाट करूनही महिनाभरात वजन सावरले नाही तर पोषक पेय जरूर द्यावे, आणि द्यायचे तर उपयोग होईल इतके द्यावे : त्यातून दिवसाला किमान 400 कॅलरी आणि 30 ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत आणि ते निदान महिनाभर चालले पाहिजे. डब्यावरच्या चित्राकडे न पाहता मागच्या तक्त्यात एका मापात किती ग्रॅम प्रथिने आहेत ते वाचा. काही डब्यांत साखर आणि स्टार्च यांचाच भरणा असतो. दोन जेवणांच्या मध्ये, घोट-घोट घेऊ द्या. जेवणाच्या जागी दिले तर जेवण जाते आणि मिळकत शून्य राहते. भूक वाढवणारी म्हणून विकली जाणारी सिरपे मी देत नाही. त्यातल्या काहींत ॲलर्जीवरचे, झोप आणणारे औषध असते आणि त्याने वृद्धांना गुंगी, बद्धकोष्ठ व गोंधळलेपण येते.

पण केवळ खाण्याने स्नायू येत नाहीत, आणि हे सांगताना माझ्या मनात कोणतीही शंका नसते. 1994 साली बॉस्टनमधील एका वृद्धनिवासात 100 रहिवाशांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय 87 होते. दहा आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून अधिक वाढली; ज्यांना व्यायामाविना फक्त पोषक पेय दिले, त्यांची ताकद वाढली नाही. माझा अनुभव याहून वेगळा नाही. आईंसाठी सुरुवात खुर्चीतून उठण्यानेच करा. उंच, हात असलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, गरज असेल तर बसायला उशी घालून आणखी उंच करा, आणि दिवसातून तीनदा पाच-पाच वेळा उठायला-बसायला सांगा. दोन आठवड्यांनी उशी काढा, मग हातांचा आधार कमी करा. ओट्याला धरून टाचा उचलणे, बसल्या जागी गुडघा सरळ करून पाच आकडे धरणे, हे त्याला जोडा. गुडघे दुखतात म्हणून हे टाळू नका. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यांवरचा भार सुसह्य होतो. छातीत दुखले, चक्कर आली किंवा धाप लागली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. सायंकाळी चालणे चांगलेच आहे, पण चालण्याने मांडीची ताकद अशी वाढत नाही.

पाण्याचे थोडक्यात. उतारवयात तहान भरवशाची राहत नाही, त्यामुळे तहान लागेल तेव्हा प्या हा सल्ला अपुरा पडतो. स्त्रियांना सर्व पेये मिळून दिवसाला सुमारे 1.6 लिटर लागते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी दिलेली मर्यादा पाळावी. त्वचेची चिमट पाहून वृद्धांतले पाणी कमी झाल्याचे ठरवता येत नाही. रात्री उठावे लागेल या भीतीने पाणी टाळले जात असेल तर पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत संपवा आणि शौचालयाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. ड जीवनसत्त्व सत्तरीनंतर रोज 800 युनिट पुरते. वर्षातून एकदा भलामोठा डोस घेण्याने पडण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले आहे, तेव्हा तो मार्ग नको.

घरची ही पाहणी चालू असतानाच डॉक्टरांची भेट ठरवा, आधी पाहणी आणि मग भेट असे करू नका. पोटरीचे माप, वजनाचे आकडे, रक्तदाबाच्या नोंदी आणि तीन दिवसांचे खाणे-पिणे लिहून न्या. रक्तगणना, साखर, मूत्रपिंड, यकृत, सोडियम, कॅल्शियम, थायरॉइड, बी12, दाह दाखवणारी चाचणी, लघवी आणि छातीचा एक्स-रे एवढे पहिल्या फेरीत होते. थायरॉइडचे काम वाढलेला वृद्ध माणूस पुष्कळदा पुस्तकातल्यासारखा घामेजलेला आणि थरथरणारा नसतो. तो खचलेला, गप्प आणि वजन घटलेला दिसतो, नाडी मात्र कित्येकदा अनियमित असते. चांगले खाऊनही वजन उतरत राहणे, घास छातीत अडकणे, शौच काळे किंवा रक्तमिश्रित होणे, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कित्येक आठवडे चाललेला खोकला किंवा अंगावर कोठेही गाठ यांपैकी काही असेल तर पुढच्या तपासण्या लगेच व्हायला हव्यात, कारण त्यांमागे क्षयरोग किंवा कर्करोग असू शकतो. आईंनी पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्ले नाही अशी वेळ आली तर घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका. उपाशी शरीराला एकाएकी अन्न मिळाले की रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून जिवाला धोका होतो. अशा वेळी सुरुवात रुग्णालयात आणि सावकाश करावी लागते.

राहता राहिला आग्रह. तोंडाशी चमचा धरून ‘एवढा एक घास’ म्हणण्याचा काही दिवस उपयोग होतो, मग जेवणाची वेळ जवळ आली की दोघींच्याही, किंवा दोघांच्याही, पोटात गोळा येतो. आईंना काय हवे ते त्यांनाच विचारा, भाजी निवडण्याचे, चव पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्या आणि नको म्हटले की वाटी उचलून तासाभराने पुन्हा आणा. वजन आठवड्यातून एकदाच करा, ठरावीक वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर आणि तितक्याच हलक्या कपड्यांत. रोजच्या चढउतारांनी घर उगाच हवालदिल होते. पहिले तीन-चार आठवडे काटा 48 वरच थांबला तरी ते यश समजा, कारण घसरण थांबली. त्यानंतर महिन्याला अर्धा ते एक किलो वाढ मिळाली तर पुरेशी आहे. 47 च्या खाली गेले तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.